उष्णतेचे चित्र आणि बधिर बोट : सहवासितांच्या तपासणीतील उष्माचित्रणाचे परीक्षण

कुष्ठरोग म्हटले की अंगावरचा फिकट चट्टा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण या रोगाने माणसाचे जे खरे नुकसान होते ते चट्ट्यामुळे होत नाही, नसांच्या ऱ्हासामुळे होते. चट्टा औषधाने जातो. नस एकदा पुरती मेली की ती औषधाने परत येत नाही. मग बोटे वाकतात, चुलीवरचे भांडे उचलताना चटका कळत नाही, तळपायाला काटा रुतून जखम झाली तरी चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून नसेला इजा होऊ लागली आहे हे जितक्या लवकर कळेल तितके चांगले, याबद्दल दुमत नाही.

या गरजेतूनच एक कल्पना पुढे आली आहे. रुग्णाच्या घरातील व शेजारातील माणसांना, म्हणजे आरोग्य खात्याच्या भाषेत ‘सहवासितांना’, उष्माचित्रण कॅमेऱ्यासमोर बसवायचे, त्यांच्या हातापायांच्या तापमानाचा रंगीत नकाशा काढायचा आणि त्यावरून, चट्टा उठण्यापूर्वी व बोट बधिर होण्यापूर्वीच, नसेची इजा ओळखायची. सुई नाही, स्पर्श नाही, वेदना नाही. कॅमेरे स्वस्त होत चालले आहेत. मोबाईलला जोडता येणारेही मिळतात. कल्पना आकर्षक आहे यात शंका नाही. तिच्यात तथ्य किती आणि आशा किती, हे तपासावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. तपासण्यासाठी आम्ही मनाशी एक प्रदेशही ठरवला आहे : रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके. प्रयोगशाळेत चालणारी गोष्ट मिठागराच्या काठावर आणि डोंगरावरच्या वाडीत चालेल का, हाच अखेर प्रश्न असतो.

आधी कल्पनेच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलू, आणि ते बरेच आहे.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला. तो आजवर कोणालाही काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. तो अतिशय सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. आणि त्याला थंडावा आवडतो. शरीराच्या आतल्या ३७ अंश सेल्सिअसपेक्षा ३० ते ३३ अंशांच्या आसपास त्याचे बरे चालते. १९६० मध्ये शेपर्ड यांनी त्याला उंदराच्या तळपायात वाढवून दाखवले, ते याच कारणाने. उंदराच्या शरीरात तळपाय ही थंड जागा. पुढे आर्माडिलो नावाचा खवल्यांच्या कवचाचा अमेरिकी प्राणी कामी आला, कारण त्याच्या शरीराचे तापमानच कमी असते. माणसात हा जंतू कानाची पाळी, नाक, गाल, कोपर, गुडघा अशा थंड भागांत आणि कातडीजवळून जाणाऱ्या नसांत घर करतो. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तीच नस. ती हाडामागून अगदी कातडीखालून जाते, म्हणून थंड असते, म्हणूनच सर्वांत आधी सापडते. १९६९ मध्ये सॅबिन या मज्जातंतुशास्त्रज्ञाने दाखवले की कुष्ठरोगातील बधिरपणाचा नकाशा हा बराचसा शरीराच्या तापमानाचाच नकाशा असतो : थंड भाग बधिर, शेजारचा उबदार भाग शाबूत. तेव्हा तापमान आणि कुष्ठरोग यांचे नाते ओढूनताणून जोडलेले नाही.

दुसरी गोष्ट. नसेत सगळे तंतू सारखे नसतात. जाड तंतू स्पर्श आणि हालचाल पाहतात. बारीक तंतू ऊन-गार आणि वेदना कळवतात. आणखी काही बारीक तंतू आपल्या इच्छेविना चालणाऱ्या कामांचे असतात. घाम आणणे, रक्तवाहिन्या आकुंचित करणे ही कामे त्यांची. हेच स्वायत्त तंतू. कुष्ठरोगात बारीक तंतूंवर आघात लवकर होतो. चट्ट्यावर घाम येत नाही हे जुन्या कुष्ठरोग कार्यकर्त्यांना पक्के ठाऊक असे. उत्तर प्रदेशातील केंद्रांत रुग्णांवर झालेल्या ‘इन्फिर’ या अभ्यासात असे आढळले की ऊब ओळखण्याची क्षमता आणि नसेतील संवेदनावहन ही, नायलॉनच्या तंतूने करायची स्पर्शपरीक्षा बिघडण्याच्या कित्येक आठवडे आधी बिघडलेली असतात. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील वनजा शेट्टी व नोशिर अंतिया यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील नसांचे सूक्ष्म निरीक्षण मांडले आहे. बाहेरून लक्षण दिसण्याआधी नसेत बरेच काही घडून गेलेले असते, हे अशा कामांतून पुढे आले. म्हणजे बोट बधिर होते तेव्हा आपण आधीच उशिरा पोहोचलेलो असतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. आपल्या कातडीच्या तापमानाला हे किरण मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतात. मानवी कातडी या बाबतीत फार सोयीची आहे. गोरी असो वा काळी, ती या किरणांच्या पट्ट्यात जवळजवळ पूर्ण काळ्या पदार्थासारखी वागते. तिची उत्सर्जकता ०.९८ च्या घरात आहे. म्हणून कातडीचे तापमान दुरून मोजता येते. करोनाच्या काळात, २०२० साली, दारोदारी कपाळावर रोखल्या गेलेल्या तापमापकाचे तत्त्व हेच. कॅमेऱ्यात असे हजारो तापमापक शेजारीशेजारी बसवलेले असतात, इतकाच फरक.

मात्र येथे एक बारकावा आहे आणि विक्रेत्यांच्या पत्रकात तो नेहमी झाकला जातो. या कॅमेऱ्यांची संवेदनक्षमता उत्तम असते. एकाच चित्रातील दोन बिंदूंत ०.०५ अंशाचा फरकही त्यांना कळतो. पण अचूकता वेगळी. प्रत्यक्ष तापमान सांगताना हेच कॅमेरे सर्रास दोन अंश इकडेतिकडे असतात. तेव्हा एकाच हाताच्या करंगळीची आणि तर्जनीची तुलना विश्वासार्ह. पण आजचे चित्र आणि तीन महिन्यांनंतरचे चित्र यांची तुलना, ज्ञात तापमानाची एखादी वस्तू चौकटीत ठेवल्याशिवाय, करू नये. संवेदनक्षमता आणि अचूकता यांतला फरक विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

आणि खरा मुद्दा पुढेच आहे. कॅमेरा नस पाहत नाही. तो कातडी पाहतो. कातडीचे तापमान ठरते तिच्याखालून वाहणाऱ्या रक्तावर, घामाच्या बाष्पीभवनावर आणि खोलीतल्या हवेवर. या तिघांपैकी पहिल्या दोघांवर स्वायत्त तंतूंचा ताबा असतो, म्हणून कॅमेऱ्याला नसेबद्दल काहीतरी कळते. पण जे कळते ते दोन पायऱ्या दूरचे असते.

बोटांच्या टोकांत रक्तवाहिन्यांचे आडमार्ग असतात. थंडी वाजली की स्वायत्त तंतू ते बंद करतात आणि बोट गार पडते. आता हे तंतू निकामी झाले तर काय होईल? आडमार्ग उघडे राहतील आणि बोट गरम दिसेल. पण हीच इजा जुनी झाली, हाताचा वापर कमी झाला, रक्तवाहिन्या रक्तातल्या संप्रेरकांना जास्त प्रतिसाद देऊ लागल्या, की तेच बोट गार पडते. शिवाय कुष्ठरोगातील ‘प्रतिक्रिया’ सुरू झाली, म्हणजे नसेला सूज आली, तर भाग पुन्हा गरम. तेव्हा गरम म्हणजे रोग की गार म्हणजे रोग? उत्तर असे की दोन्ही असू शकते, आणि दोन्ही नसूही शकते. ‘निळा ठिपका दिसला म्हणजे नस गेली’ इतके सोपे वाचन करणारा कोणी भेटला तर त्याने हा परिच्छेद वाचावा, एवढेच आम्ही म्हणू.

म्हणून जाणकार संशोधक नुसते चित्र काढत नाहीत. हात हातमोजा घालून ठरावीक वेळ थंड पाण्यात बुडवतात, बाहेर काढतात आणि बोटे किती मिनिटांत पूर्ववत उबदार होतात याचा आलेख काढतात. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ मध्ये कुष्ठरोग्यांच्या हातांवरील अशाच कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण ते निदान झालेल्या रुग्णांचे होते. सहवासितांबद्दल जे काम मुळात महत्त्वाचे, ते १९९६ मधले वाइल्डर-स्मिथ यांचे. त्यांनी रुग्ण, सहवासित आणि रोगाशी संबंध न आलेली माणसे अशा तिन्ही गटांच्या हातांतील स्वायत्त तंतूंची परीक्षा केली आणि सहवासितांतही काहींत बिघाड नोंदवला. तेथे कॅमेरा नव्हता, पण प्रश्न हाच होता. या निष्कर्षाचा अर्थ काय? एक अर्थ असा की जंतू नसेत शिरलेला आहे आणि रोग वाटेवर आहे. दुसरा असा की जंतू शिरला, शरीराने त्याला आवरले आणि थोडी खूण मागे राहिली. तिसरा असा की एका घरातील माणसांचे काम, आहार आणि व्यसने सारखी असतात आणि बिघाड त्याचा आहे. यांतला खरा कोणता हे एकदा मोजून ठरत नाही. त्या माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो, कारण या रोगाचा अधिशयनकाळ सरासरी पाच वर्षे आणि कधी वीस वर्षे किंवा त्याहूनही जास्त असतो. रक्तातील प्रतिपिंडांच्या परीक्षेचे असेच झाले. ती ज्या सहवासितांत होकारार्थी येते त्यांतल्या बहुतेकांना रोग कधीच होत नाही.

आता पेण आणि रोह्याला जाऊ. रायगडचा हा भाग कुष्ठरोगाच्या इतिहासाला अपरिचित नाही. शेजारच्या पनवेल तालुक्यात नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. पनवेलच्याच ग्रामीण भागात वर उल्लेखिलेल्या मुंबईच्या संस्थेने घरोघर जाऊन पाहणी केली आणि खात्याच्या नोंदीत नसलेले रुग्ण शोधून काढले. त्यावरील निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण ही पातळी गाठली होती आणि कुष्ठरोग ‘दूर झाला’ असे लोकांना वाटू लागले होते. पाहणी थांबली की रुग्ण दिसेनासे होतात, ते नाहीसे होत नाहीत. आजही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, वर्षाला सुमारे १ लाख.

समजा, मे महिन्यात पेणच्या एखाद्या उपकेंद्रात आपण कॅमेरा लावला. बाहेर हवा ३४ अंश, आर्द्रता भरपूर. कातडीचे तापमानही तेवढेच. वस्तू आणि पार्श्वभूमी यांत फरकच नाही, मग चित्रात दिसणार काय? त्याहून वाईट असे की उकाड्यात निरोगी माणसाचेही स्वायत्त तंतू बोटांच्या रक्तवाहिन्या सैल सोडतात. म्हणजे प्रत्येक निरोगी हात नस गेलेल्या हातासारखा उबदार दिसतो. जानेवारीच्या पहाटे रोह्याच्या डोंगरावरील वाडीत नेमके उलट; सगळ्यांचीच बोटे गार. यावर उपाय आहे. खोली २२ ते २४ अंशांवर ठेवायची आणि माणसाला पंधरावीस मिनिटे शांत बसवायचे. वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि माणशी अर्धा तास. कॅमेरा स्वस्त झाला म्हणून परीक्षा स्वस्त झाली असे होत नाही.

मग ती माणसे. पेणचे गणपती सर्वांना माहीत आहेत. कारखान्यात शाडूचा हात दिवसभर ओला असतो, आणि ओला हात बाष्पीभवनाने कोरड्या हातापेक्षा गार असतो. मिठागरात राबणाऱ्याच्या तळहाताची कातडी जाड आणि भेगाळलेली. मिश्री लावणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाच्या बोटांतील रक्तवाहिन्या निकोटिनने आकुंचित होतात. मधुमेह तर आता खेड्यांतही आहे, आणि तोही नेमके हेच बारीक तंतू खातो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी काम करणाऱ्याला कोणती द्रावके हाताळतोस हे विचारावे लागेल, कारण काही द्रावके नसांना घातक असतात. यांतील एकही अडचण अशी नाही की तिच्यावर मात करता येणार नाही. पण प्रत्येकीसाठी शेजारच्या, त्याच कामातल्या, रोगाशी संबंध न आलेल्या माणसांचा तुलनेचा गट लागेल. ब्राझीलमधील किंवा युरोपातील ‘सामान्य’ मूल्ये येथे उसनी आणून चालणार नाहीत.

एक साधे गणित विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखे आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. १००० सहवासित घ्या. त्यांतील १० जणांच्या नसेला खरोखर इजा सुरू झाली आहे असे धरा. परीक्षा चांगली आहे : इजा असलेल्यांपैकी ९० टक्के ती पकडते आणि इजा नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडून देते. मग १० पैकी ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांवरही बोट ठेवले जाईल. एकूण संशयित १०८, त्यांतले खरे ९. म्हणजे बारांत एक. ‘नव्वद टक्के अचूक’ हा शब्दप्रयोग ऐकून जे चित्र मनात येते त्याच्याशी हे जुळते का?

आणि तो अकरा जणांचा प्रश्न कागदावरचा नाही. २०१९ पर्यंत आपल्या देशात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन ते वगळले गेले. कायदा बदलला म्हणून सोयरीक जुळवणाऱ्यांचे मन बदलले असे समजायचे कारण नाही. वाडीवर कोणाच्या दारात कोणती गाडी थांबली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाताचा रंगीत फोटो काढून ‘नसेत थोडा संशय आहे, सहा महिन्यांनी पाहू’ असे सांगणे ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. सुई नाही म्हणून इजा नाही, असे या परीक्षेबद्दल म्हणता येत नाही.

बरे, संशय खरा निघाला तर पुढे काय करायचे? येथे कल्पनेचे समर्थक फार घाईने पुढे जातात असे आमचे मत आहे. सुजलेल्या नसेवर प्रेडनिसोलोन हे औषध दिले जाते. नेपाळ व बांगलादेशात ‘ट्रायपॉड’ या नावाने चाचण्या झाल्या. त्यांपैकी एकीत सौम्य संवेदनहानी असलेल्या रुग्णांना काहींना हे औषध व काहींना औषधाविना गोळी दिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच होती. सौम्य इजा कित्येकदा आपोआप भरून येते. त्याहूनही सूक्ष्म, फक्त कॅमेऱ्याला दिसणाऱ्या इजेवर औषध द्यावे की नाही, याला आधार कोठून आणायचा?

तरी एका ठिकाणी ही परीक्षा खरोखर उपयोगी ठरू शकेल आणि त्याचा उल्लेख फारसा कोणी करताना दिसत नाही. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात सहवासितांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा प्रतिबंधक म्हणून देण्याची शिफारस आहे, आणि आपल्या कार्यक्रमातही ती दिली जाते. बांगलादेशातील मोठ्या चाचणीत या मात्रेने पहिल्या दोन वर्षांत रोगाचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. पण ही मात्रा रोग नसलेल्यांसाठी आहे. ज्याच्या नसेत रोग आधीच बसला आहे त्याला एक मात्रा पुरत नाही. त्याला सहा किंवा बारा महिन्यांचा बहुविध औषधोपचार हवा. चट्टा नसलेला, केवळ नसेचा कुष्ठरोग भारतात दुर्मीळ नाही. तेव्हा ‘एक मात्रा की पूर्ण उपचार’ हे ठरवताना ज्याच्याबद्दल शंका आहे अशा थोड्या लोकांसाठी उष्माचित्रण हे दुसऱ्या पायरीचे साधन होऊ शकेल. सरसकट हजार माणसांसाठी नव्हे, आधीच्या तपासणीत नस जाड लागलेल्या दहावीस जणांसाठी. वरचे गणित या दहावीस जणांसाठी पुन्हा करून पाहा. दर दोघांत एकाला खरा रोग असेल तर तीच ९० टक्क्यांची परीक्षा दहांपैकी नऊ वेळा खरे बोलते.

पण त्या आधीच्या तपासणीची अवस्था काय आहे? कोपरामागील नस, घोट्याच्या आतल्या बाजूची नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस बोटांनी चाचपून दोन्हीकडे सारखी आहे का हे पाहणे. बॉलपेनच्या टोकाने तळहात-तळपायाला हलका स्पर्श करून डोळे मिटलेल्या माणसाला जागा दाखवायला सांगणे. करंगळी बाजूला नेऊन दाबाला विरोध करायला सांगणे. दहा मिनिटांचे काम. पूर्वी कुष्ठरोगासाठी वेगळे कर्मचारी होते आणि हजारो हात चाचपून त्यांची बोटे तयार झालेली असत. कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला गेला, ही पिढी निवृत्त होत गेली आणि चाचपण्याचे कौशल्य विरळ झाले. कॅमेऱ्याच्या प्रस्तावात जर असे लिहिले असेल की यामुळे प्रशिक्षित माणसाची गरज उरणार नाही, तर त्या प्रस्तावाला पैसे देऊ नयेत असे आम्ही स्पष्ट म्हणतो. चित्र वाचायलाही माणूसच लागतो, आणि ज्याने नस कधी चाचपली नाही त्याला चित्रातला लाल पट्टा कशाचा हे कळणार नाही.

शाळेत एक प्रयोग करता येईल. करोनाच्या वेळचा अवरक्त तापमापक बहुतेक शाळांच्या कपाटात पडून आहे. त्यातील पुष्कळांवर ‘पृष्ठभाग’ मोजण्याची सोय असते. ती निवडावी, नाहीतर गार बोटाला तो आकडाच दाखवत नाही. प्रथम चकचकीत स्टीलच्या तांब्यात गरम पाणी भरून बाहेरून तापमान मोजावे, मग तांब्याला काळी चिकटपट्टी लावून पट्टीवर मोजावे. दोन आकड्यांतील फरक पाहून उत्सर्जकता म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागणार नाही. नंतर दहा मुलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून माठातल्या पाण्यात एक मिनिट बुडवावा आणि दर मिनिटाला मधल्या बोटाच्या टोकाचे तापमान पंधरा मिनिटे नोंदवावे. दहाही आलेख एकाच कागदावर काढावेत. एखाद्याचे बोट चार मिनिटांत उबदार होईल, एखादीचे पंधरा मिनिटांतही होणार नाही, आणि दोघेही ठणठणीत असतील. हाच प्रयोग थंडीत आणि एप्रिलमध्ये, त्याच मुलांवर, पुन्हा करावा. शाळा पेणला असेल किंवा रोह्याला, तर दोन्ही ऋतूंचे ते वीस आलेख जपून ठेवावेत. या भागातील निरोगी बोटे कशी वागतात याची नोंद उद्या कोणी खरोखर कॅमेरा घेऊन आला तर त्याला लागणारच आहे.